चिपळूणच्या संस्था नोंदणीची कामं करून देणाऱ्या खाजगी ऑफिसचा अनुभव, ५ पैकी साडेतीन स्टार (मुलांचा स्काऊट ग्रुप काढणाऱ्यांनी जरूर वाचा)

आधीच सांगून टाकतो, नोंदणीचं काम हे लोक चोख करतात आणि सल्ला प्रामाणिक देतात, पण संस्थेची घटना मात्र स्वतः बसून लिहा, ती त्यांच्या कॉम्प्युटरवर सोडू नका. ज्यांना एवढंच पाहिजे होतं ते जाऊ शकतात, बाकीच्यांनी चहा घेऊन बसा. ऑफिसचं नाव टाकत नाही कारण पुढे थोडी तक्रार पण आहे आणि माणसं तशी वाईट नाहीत.

आम्ही हर्णै-आंजर्ल्याच्या पट्ट्यातले काही पालक, त्यात दोन रिटायर मास्तर आणि एक नाखवा. डोक्यात होतं की शाळेबाहेरचा, सुट्टीच्या दिवशी चालणारा एक स्काऊट गाईड ग्रुप काढायचा. शाळेत स्काऊट असतो हो, नाही असं नाही, पण आमच्याकडे तो म्हणजे खाकी ड्रेस, खरी कमाईच्या (म्हणजे पोरांनी काम करून पैसे मिळवायच्या) दिवशी भेळेचा स्टॉल, २२ फेब्रुवारीला चिंतन दिन आणि संपलं. समोर एवढा समुद्र पडलाय, बंदरात खलाशी डोळे मिटून दोर बांधतात आणि आमची पोरं बोलाइन नॉट पुस्तकातल्या चित्रावरून शिकतात, याला काय अर्थ आहे. सी स्काऊट म्हणजे समुद्रावरचं, होडीवरचं स्काऊटिंग, हा प्रकार काय आजचा नाही, स्काऊट सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेलच्या थोरल्या भावानं, वॉरिंग्टननं, शंभराच्या वर वर्षांपूर्वी त्याची घडी बसवून दिली, आणि कोकणात तो दिसत नाही म्हणजे नवल आहे.

तर आमच्यातल्या एकाचा आग्रह होता की आपण नवीन स्काऊट संस्थाच रजिस्टर करू, नावात अखिल, कोकण, सागर सगळं घालू, लेटरहेड छापू. तो लेटरहेडचा नमुना पण घेऊन आला होता. ऑफिसातल्या साहेबांनी तो कागद बघितला, चष्मा काढला आणि विचारलं, तुम्हाला मुलांचा ग्रुप पाहिजे का अध्यक्षपद पाहिजे? माझ्याकडून पहिला स्टार तिथंच मिळाला. दुसरा एखादा असता तर फी घेऊन फॉर्म भरून मोकळा झाला असता.

मग त्यांनी जे समजावलं ते इथं लिहितो कारण स्काऊटमध्ये वर्षानुवर्षं असलेल्या लोकांना पण हे माहीत नसतं. भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही काही सरकारी खातं नाही आणि संसदेनं कायदा करून काढलेली पण नाही. ७ नोव्हेंबर १९५० ला बॉय स्काऊट्स असोसिएशन आणि हिंदुस्तान स्काऊट असोसिएशन या दोघी एकत्र येऊन ती झाली, हृदयनाथ कुंझरू, मौलाना आझाद वगैरे मंडळींनी त्यासाठी बरीच खटपट केली, आणि गर्ल गाईड्सवाल्या पुढच्या वर्षी १५ ऑगस्ट १९५१ ला आत आल्या. आणि नोंदणी कशाखाली, तर १८६० च्या सोसायटी कायद्याखाली. म्हणजे आमच्या गावचं वाचनालय ज्या कायद्याखाली आहे, नाट्यमंडळ ज्या कायद्याखाली आहे, त्याच कायद्याखाली ही देशभराची संस्था. मला हे ऐकून खरंच गंमत वाटली. कारण एनसीसी बघा, तिला १९४८ चा स्वतंत्र कायदा आहे, रेडक्रॉसला १९२० चा आहे. स्काऊटला तसं काही नाही. ती सभासदांची संस्था आहे, तिचे नियम तिनंच केलेत, एपीआरओ म्हणतात त्या पुस्तकांना, ध्येय, धोरण, नियम आणि संघटना असं सगळं त्यात आहे. वर राष्ट्रीय परिषद, मग राष्ट्रीय कार्यकारी समिती, चीफ नॅशनल कमिशनर, त्याखाली राज्य, मग जिल्हा, मग स्थानिक संस्था, आणि सगळ्यात खाली आपला ग्रुप. स्काऊटचे आयुक्त वेगळे, गाईडचे वेगळे.

साहेबांचं म्हणणं असं की ही एवढी शिडी उभी असताना तुम्ही शेजारी दुसरी शिडी कशाला लावताय. जागतिक संघटना एका देशातून एकाच राष्ट्रीय स्काऊट संस्थेला मान्यता देते, त्यामुळे तुम्ही वेगळं दुकान काढलंत तर तुमच्या पोरांना तृतीय सोपान, राज्य पुरस्कार, राष्ट्रपती पुरस्कार या स्काऊटच्या पायऱ्या-पुरस्कारांतलं काही मिळणार नाही, जांबोरीला म्हणजे स्काऊटच्या मोठ्या मेळाव्याला जाता येणार नाही, नुसती शिट्टी आणि स्कार्फ. ओपन ग्रुप म्हणजे शाळेबाहेरचा ग्रुप काढा, स्काऊटच्या जिल्हा संस्थेकडे नोंदवा, तुमच्या मास्तरांना स्काऊट शिक्षकाचा बेसिक कोर्स करू द्या, वॉरंट म्हणजे ग्रुप चालवायचं अधिकारपत्र घेऊ द्या. आणि पैसे, जागा, होडी, लाइफ जॅकेट हे सांभाळायला एक छोटी पालकांची संस्था काढा जी ग्रुपच्या पाठीशी उभी राहील, तिच्या नावात स्काऊट शब्द नको. लेटरहेडवाले गृहस्थ जरा नाराज झाले पण बाकीच्यांना पटलं.

इथं माझं थोडं विषयांतर. घरी येऊन मी बाकीच्या देशांत काय आहे ते वाचत बसलो, बायको म्हणाली परीक्षा आहे का. इंग्लंडात स्काऊट संस्थेला ४ जानेवारी १९१२ ला राजाची सनद मिळाली, पाचव्या जॉर्जची. कॅनडात १९१४ ला पार्लमेंटनं कायदा केला. अमेरिकेत आधी ८ फेब्रुवारी १९१० ला वॉशिंग्टनला साधी कंपनी म्हणून नोंद झाली आणि मग १५ जून १९१६ ला काँग्रेसनं म्हणजे त्यांच्या संसदेनं चार्टर दिला. तो चार्टर म्हणजे सरकार संस्था चालवतं असं अजिबात नाही. त्यात उद्देश लिहिलाय, बिल्ले, चिन्हं आणि संस्थेची नावं वापरायचा हक्क फक्त त्यांचाच असं लिहिलंय, आणि दरवर्षी काँग्रेसला अहवाल द्यायचा एवढं बंधन. या नावावरून पुढे मुलींच्या संस्थेनं २०१८ ला कोर्टात केस पण टाकली होती आणि २०२२ ला निकाल मुलांच्या संस्थेच्या बाजूनं लागला. म्हणजे स्काऊट हा एक शब्द कोणाचा यावर वकिलांची घरं चालली. आमच्या लेटरहेडवाल्यांना मी ही बातमी मुद्दाम पाठवली.

पण अमेरिकेतली खरी शिकण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे आणि ती आनंदाची नाही. शंभर वर्षांची सनद, मोठमोठे लोक बोर्डावर, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये तीच संस्था दिवाळखोरीच्या कोर्टात गेली, कारण लहानपणी स्काऊटमध्ये लैंगिक अत्याचार झाल्याचे दावे, ८२,००० च्या वर. भरपाईची योजना २.४६ अब्ज डॉलरची झाली. तिथल्या लोकल काऊन्सिल कायद्यानं वेगवेगळ्या संस्था आहेत तरी त्यांना पण त्यात पैसे घालावे लागले. आता तर बॉय स्काऊट्स ऑफ अमेरिका हे नाव पण बदललं, फेब्रुवारी २०२५ पासून स्काऊटिंग अमेरिका. हे वाचल्यावर माझ्या डोक्यात एकच आलं की आपण घटनेत अध्यक्षाला किती वर्षं ठेवायचं यावर तास घालवतोय आणि मुलांना कॅम्पला कोण नेणार यावर एक ओळ नाही.

आणि इथंच ऑफिसची कमजोर बाजू सुरू होते. त्यांनी घटनेचा ड्राफ्ट दिला तो वाचून मी हसावं का रडावं. उद्देशात मुलांचा शारीरिक बौद्धिक विकास वगैरे ठीक, मग खाली गुरांसाठी पाणवठे बांधणे, सामुदायिक विवाह लावणे, भजन स्पर्धा भरवणे, आणि एका ठिकाणी तर चक्क दुसऱ्याच कुठल्या तरी देवस्थानच्या पालखीचा उल्लेख. त्यांचं बहुतेक काम देवस्थान ट्रस्ट आणि क्रिकेट मंडळांचं, तिथला मसाला आमच्या कालवणात पडला. टायपिस्ट ताईंना विचारलं तर म्हणाल्या, अहो सगळ्यांना हेच देतो, कोण वाचतंय. बरोबरच आहे, कोण वाचत नाही. पण उद्देश नंतर बदलायचा तर १८६० च्या कायद्यात काय आहे बघा, दहा दिवस आधी लेखी प्रस्ताव सगळ्यांना द्या, खास सभेत तीन पंचमांश मतं मिळवा, मग महिन्यानं परत दुसरी सभा आणि तिथं परत तीन पंचमांश. अर्धे सभासद मुंबईला असलेल्या गावात हे करून दाखवा मला. त्यापेक्षा आधीच पाणवठे काढून टाकणं स्वस्त.

मग आम्ही शाळेच्या व्हरांड्यात बसून घटना नव्यानं लिहिली, मास्तर लोक असल्यामुळे शुद्धलेखनावर जास्त वेळ गेला ते सोडा. मुलांबद्दलचं कलम आम्हीच घातलं. कुठल्याही कॅम्पला, होडीवर किंवा मुक्कामाला एकटा मोठा माणूस एकट्या मुलाबरोबर नाही, कायम दोन मोठी माणसं. मुली असतील तर बाई पाहिजेच. नवीन माणूस आला की पोलिस व्हेरिफिकेशन, मग तो कोणाचा का मामेभाऊ असेना. आणि तक्रार आली तर ती कमिटीत मिटवायची नाही, गावात मिटवायची तर अजिबातच नाही, थेट पोलिसांकडे, कारण २०१२ च्या पोक्सो कायद्यात कलम १९ प्रमाणे कळवणं सगळ्यांवरच बंधनकारक आहे आणि न कळवलं तर कलम २१ खाली शिक्षा आहे. हे कलम बघून एक सभासद म्हणाले की आपल्या गावात असलं काही होत नाही, उगाच कशाला कागदावर. त्यावर आमचा नाखवा बोलला की लाइफ जॅकेट पण बुडायच्या आधीच घालतात, आणि कलम पास झालं. साहेबांचा मोठेपणा असा की त्यांनी ते कलम वाचलं आणि म्हणाले याची एक कॉपी मला द्या, बाकीच्यांच्या घटनेत घालतो. अर्धा स्टार त्यासाठी वाढवला.

प्रकार कुठला निवडावा यावर त्यांचं मार्गदर्शन एकदम स्वच्छ होतं. ट्रस्ट केलात तर विश्वस्त मंडळ छोटं, काम पटापट, पण कोकणात ट्रस्ट म्हणजे हळूहळू एका घराण्याचा होतो हे त्यांनीच सांगितलं. कंपनी कायद्यातली कलम ८ ची, ना-नफा कंपनी केलीत तर दरवर्षी आरओसीचे म्हणजे कंपनी रजिस्ट्रारचे फॉर्म, डिजिटल सही, आणि ते भरायला कायम कोणीतरी लागणार, पालकांच्या ग्रुपला परवडत नाही. उरली सोसायटी, किमान सात माणसं, सभासदांना मत, निवडणूक. महाराष्ट्रात सोसायटी केली की तिथं थांबता येत नाही, धर्मादाय कार्यालयात सार्वजनिक न्यास म्हणून पण नोंदवावी लागते, तिथं मग एफ नंबर म्हणजे न्यासाचा नोंदणी क्रमांक मिळतो. दोन सर्टिफिकेटं येतात, लोक एकच फ्रेम करून लावतात आणि दुसरं हरवतात. बँकेत खातं उघडताना दोन्ही मागतात बरं का.

अजून एक गोष्ट त्यांनी सांगितली ती मला फार आवडली. १८६० च्या कायद्यात कलम १५ आहे, ज्याची वर्गणी तीन महिन्यांपेक्षा जास्त थकलीय त्याला मत देता येत नाही. हे वाचून आमच्या भागातल्या निम्म्या मंडळांच्या निवडणुका डोळ्यासमोर आल्या, ऐन सभेच्या दिवशी जे हात वर करायला येतात त्यातले किती पात्र असतील देव जाणे. आमच्याकडे खजिनदार बाई आहेत, त्या आता सभेच्या दारातच पावती पुस्तक घेऊन बसतात.

सभा कधी घ्यायची हा पण एक कोकणी प्रश्न. आम्ही वार्षिक सभा गणपतीत ठेवली, गौरी विसर्जनानंतरच्या दिवशी, तेव्हा चाकरमानी गावात असतो आणि मार्चअखेरचे हिशोब तोवर ऑडिट होऊन आलेले असतात. शिमग्याला ठेवा असं काहींचं मत होतं पण शिमग्याला कोण शुद्धीत हिशोब ऐकणार. सभेनंतर चौदा दिवसांत कार्यकारी मंडळाची यादी द्यायची असते कायद्यानं, आणि पदाधिकारी बदलले तर नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयाला चेंज रिपोर्ट म्हणजे बदल कळवायचा अर्ज. हा चेंज रिपोर्ट म्हणजे कोकणातल्या संस्थांचं खरं दुखणं. कितीतरी ट्रस्टच्या उताऱ्यावर अजून वारलेल्या आजोबांची नावं आहेत आणि नातू बँकेत सही चालत नाही म्हणून भांडतोय.

जागेबद्दल पण लिहितो कारण हे सगळ्यांनाच लागणार. एका मुंबईकरांनी कॅम्पसाठी त्यांची काजूची जागा देऊ केली, फार चांगली जागा, खाली खाडी दिसते. पण सातबारा बघितला तर भाऊबंदांच्या नावांची ही लांब रांग, त्यातले काही कुठं आहेत कोणाला ठाऊक नाही. साहेबांनी सरळ सांगितलं, बक्षीसपत्र वगैरे डोक्यातून काढा, सगळ्यांच्या सह्या येणार नाहीत, तुम्ही वापरायची परवानगी लेखी घ्या आणि तंबू ठोका. शिवाय जमीन एकदा संस्थेच्या नावावर आली की ती विकायची, गहाण टाकायची किंवा लांब मुदतीनं भाड्यानं द्यायची तर सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते, आणि संस्थेनं कर्ज काढायचं असेल तरी मंजुरी. आमचं होडी कर्जावर घ्यायचं स्वप्न तिथंच किनाऱ्याला लागलं, जुनी होडी डागडुजी करून वापरतोय.

आता तक्रारी. पहिली सांगितलीच, घटना कॉपी पेस्ट. दुसरी, सर्टिफिकेट हातात दिल्यावर यांचा फोन उचलायचा उत्साह संपतो. आयकराची १२ए-बी (संस्थेच्या करमाफीसाठी) आणि ८०जी (देणगीदाराच्या करसवलतीसाठी) ची नोंदणी आम्हाला पाहिजे होती, नाहीतर देणगीदार पावती बघून तोंड वाकडं करतात. सुरुवातीला ती तीन वर्षांसाठी प्रोव्हिजनल मिळते आणि मग परत अर्ज करायचा असतो, हे त्यांनी आपणहून सांगायला पाहिजे होतं, ते आम्हाला खजिनदार बाईंच्या भाच्याकडून कळलं जो पुण्याला सीएकडे आर्टिकलशिप करतो. विचारल्यावर म्हणाले ते आमच्या पॅकेजमध्ये नाही. अहो पॅकेजमध्ये नसेल पण तोंडात तरी असू द्या. तिसरी तक्रार बसायला खुर्च्या तीनच आणि सात सभासद सहीला आले की चार जण जिन्यात.

फी त्यांनी १५,००० सांगितली, अर्धी आधी अर्धी सर्टिफिकेट आल्यावर, स्टॅम्प आणि सरकारी खर्च वेगळा, पावती मागितली तर देतात. रत्नागिरीच्या धर्मादाय कार्यालयाच्या खेपा वाचतात हा मोठा फायदा, दापोलीहून रत्नागिरी म्हणजे दिवस गेला, एसटी चुकली तर दीड दिवस. तारखेला त्यांचा माणूस उभा राहतो, आम्हाला फक्त एकदा समक्ष जावं लागलं. कागद सांभाळण्यात पण ते पक्के आहेत, २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणची बाजारपेठ पाण्यात गेली तेव्हा खालच्या मजल्यावरच्या जुन्या फायली गेल्या म्हणे, तेव्हापासून सगळं वरच्या मजल्यावर आणि प्रत्येक कागद स्कॅन. आमच्या ठरावांची पीडीएफ त्यांनी न मागता मेल केली.

ग्रुप म्हणाल तर जिल्ह्याकडे नोंद झालीय, एका मास्तरांचा बेसिक कोर्स झाला, दुसरे दिवाळीनंतर जाणार. पेट्रोल लीडर म्हणजे टोळीनायक पोरांनीच निवडले, त्यांची कोर्ट ऑफ ऑनर म्हणजे टोळीनायकांची सभा भरते आणि खरं सांगू का, आमच्या कमिटीपेक्षा ती शिस्तीत चालते, मिनिट्स सुद्धा वेळेवर लिहितात. पोहायला येत नाही त्यानं होडीत बसायचं नाही हा नियम त्यांनीच केला आणि त्यात माझा मुलगा पण अडकलाय, सध्या तळ्यावर शिकतोय.

जाणार असाल तर प्रत्येक सभासदाचं आधार, पॅन, दोन फोटो आणि ऑफिसच्या पत्त्यासाठी घरमालकाचं संमतीपत्र व लाइट बिल बरोबर न्या, झेरॉक्स खालीच मिळते पण मशीन बऱ्याचदा बंद असतं. दुपारी दीड ते तीन जेवणाची सुट्टी, बुधवारी साहेब रत्नागिरीला तारखांना असतात. गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात अजिबात जाऊ नका, सगळी मंडळं तेव्हाच उठून येतात. आणि ड्राफ्ट हातात आला की पहिल्यांदा पाणवठ्याचं कलम शोधा.